शेळीचा कान

दोन वर्षं मी फक्त दगड केले. ॲनिमेशनमध्ये नव्या माणसाला असलंच काम देतात: दगड, कुंपण, पत्र्याचं शेड. मी पुण्यातल्या एका स्टुडिओसाठी वाशीजवळच्या (शहरातली नव्हे, दुष्काळी भागातली वाशी) आमच्या गावातून, घरी बसून काम करते, त्यामुळं माझ्या वाट्याला दगड जरा जास्तच आले. "तिकडे नेट असतं का गं?" असं स्टुडिओतले सर दर मीटिंगला विचारायचे आणि मी दर वेळी म्हणायची, "तुमचाच आवाज तुटतोय सर."

मग एका सिनेमात शेळी आली. काळीभोर, लोंबत्या कानांची, आमच्या जिल्ह्याच्याच जुन्या नावानं ओळखली जाणारी. तिचा एक जवळून दिसणारा शॉट होता. सकाळचं ऊन मागून येतंय, शेळी मान वळवते आणि तिचा कान उन्हात उजळतो. कुणी विचारायच्या आतच मी बोलून टाकलं, "हा मी करणार."

"नीट झाला तर शेळीचे पुढचे सगळे शॉट तुझे," सर म्हणाले. नीट नाही झाला तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. मला माहीत होतं. दगड.

तळहात उन्हात धरला की बोटांच्या कडा लाल दिसतात. ऊन कातडीवर आपटून सगळंच्या सगळं परत फिरत नाही. थोडं आत शिरतं, आतल्या आत भरकटतं आणि दुसरीकडून बाहेर पडतं. सॉफ्टवेअरमध्ये त्याला सबसरफेस स्कॅटरिंग म्हणतात. तिथं तीन आकडे भरायचे: लाल, हिरवा आणि निळा उजेड कातडीच्या आत किती लांब जाईल. चौथा आकडा या तिन्हींना मिळून वाढवतो किंवा आवरतो. तो जास्त झाला की जनावर मेणाचं दिसतं, कमी झाला की प्लास्टिकचं.

नमुना शोधायला मला लांब जायचं नव्हतं. माझ्या चुलतीच्या सहा शेळ्या गोठ्यात बांधलेल्या. सकाळी एकीचा कान उन्हाकडं धरून मोबाइलवर फोटो काढला, तो स्क्रीनच्या कोपऱ्यात लावला आणि तीन दिवस आकडे हलवत बसले. फोटोतला कान पिवळसर दिसत होता, आणि लाल-हिरवा उजेड मिसळला की पिवळा होतो, म्हणून हिरव्याचा आकडा वाढवत नेला. मध्येच लाइट जायची, रेंडर, म्हणजे आकड्यांवरून चित्र तयार होणं, अर्ध्यावर पडायचं, मी दातओठ खात पुन्हा लावायची. चौथ्या दिवशी फोटो आणि माझी शेळी शेजारी ठेवल्या तर फरक सांगता येईना. पाठवून दिलं. तासाभरात सरांचं उत्तर आलं: "काय सोनेरी ग्लो आलाय! अप्रूव्ड." मी गोठ्यापर्यंत नाचत गेले, खोटं कशाला सांगू.

चुलतीला हाताला धरून आत आणलं. "काकू, बघा, तुमची शेळी."

तिनं पदराला हात पुसले आणि स्क्रीनकडं बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "हिला काय झालंय?"

"काय म्हणजे?"

"आगं, अंगात रगत न्हाय हिच्या. कान बघ कसा पिवळा पडलाय. आसली शेळी बाजारात कुनी फुकट दिली तरी म्या घ्यायची न्हाय."

शेळी घेताना सगळेच दात बघतात, डोळ्याची पापणी खाली ओढून बघतात. आमच्या घरातल्या बायका वर आणखी कान उन्हाकडं धरून बघतात. लाल दिसला, शिरा स्पष्ट दिसल्या, तर शेळी चांगली. फिका दिसला की पुढच्या शेळीकडं जायचं, घासाघीससुद्धा करायची नाही. हे मी लहानपणापासून बघत आलेय. तरी मी हट्टानं मोबाइल पुढं केला. "पण फोटोत असाच आहे ना!"

चुलती हसायला लागली. "लई शानी हाईस. त्या दिशी कानाला गोचिड्या लागल्या व्हत्या. म्याच तेल-हळद चोपडली व्हती. तुला दिसलं न्हाय व्हय?"

नाही दिसलं. शेळ्यांच्या घरात वाढलेली मी, तीन दिवस हळदीचा रंग रक्त म्हणून भरत बसले होते. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

गप्प बसले असते तर काहीच बिघडणार नव्हतं. सर खूश होते, पुढचे शॉट माझे होते. अर्धा दिवस मी गप्प बसायचा विचार केलासुद्धा. पण ती पिवळी शेळी समोर आली की चुलतीचं "फुकट दिली तरी" ऐकू यायचं आणि डोकं तापायचं.

दुसऱ्या सकाळी ओल्या फडक्यानं कान पुसला, चुलतीनं तो उन्हात धरला आणि मी नीट बघितलं. काळ्या केसांतून उजेड फारसा येतच नाही. कडेला, केस विरळ होतात तिथं तेवढा गडद लाल दिसतो आणि त्यात शिरांच्या काळपट रेघा. मी हिरवा आकडा जवळजवळ शून्यावर आणला, चौथा निम्म्यावर, आणि नवा शॉट चूक कबूल करून पाठवला.

सरांचा लगेच फोन. "अप्रूव्ड झालेला शॉट कोण उघडतं? आणि हा काळपट का केलास?"

"शेळी काळीच आहे सर."

"लोकांना ग्लो आवडतो. आधीचा चुकीचा आहे हे कळणार कुणाला?"

"ज्यांच्या दारात शेळी बांधलेली असते त्यांना. आमच्या तालुक्यातल्या कुठल्याही बाईला कळेल."

"तुझ्या तालुक्यासाठी सिनेमा काढत नाही आपण."

"मग शेळी आमची कशाला घेतलीत?" हे मी जरा मोठ्यानं विचारलं. जरा म्हणजे गोठ्यापर्यंत ऐकू जाईल इतकं.

सर अगदी शांतपणे म्हणाले, "जुनाच शॉट जाईल. शेळीचं पुढचं काम मी दुसऱ्याला देतो. तू विहीर कर. दगडी आहे."

फोन ठेवला तर चुलती दारात उभी. "कुनावर वरडत व्हतीस?" मी सगळं सांगितलं. सांगताना रडू आलं, रागाचं. ती माझ्याकडं न बघता स्क्रीनजवळ गेली. नवी शेळी तिथं मान वळवून उभी होती. चुलतीचा हात सवयीनं तिच्या कानाकडं गेला, काचेला लागला आणि तिथंच थांबला.

"ही घे," ती म्हणाली. "ही चांगली हाय."

मी डोळे पुसले आणि सरांना मेल लिहिला. विहीर सोमवारी मिळेल. शेळीच्या शॉटसाठी सिनेमाच्या नामावलीत माझं नाव येणार असेल तर ते काढून टाका. आजारी जनावर चांगलं म्हणून आमच्या घरातून आजवर कुणी विकलेलं नाही.

पाठवला, आणि विहिरीचा पहिला दगड घेतला.