चक्र आणि निवडुंग

अमेरिकेत, ॲरिझोनातल्या चँडलरच्या मराठी मंडळात दादाराव मेश्रामांना कार्यकारिणीवर कधी कोणी घेतलं नाही, पण परीक्षक मात्र दर वर्षी तेच. वक्तृत्व असो, पाककृती असो की दिवाळीची रांगोळी, अध्यक्ष दिगंबरराव माइक हातात घेऊन म्हणायचे, "आणि आपले निःपक्षपाती परीक्षक, मेश्रामसाहेब!" पुणेकरांना मुंबईकर परीक्षक चालत नसे आणि मुंबईकरांना पुणेकर. नागपूरहून आलेले, घरी बुद्धवंदना करणारे दादाराव कोणाच्याच गोटातले नव्हते. 'निःपक्षपाती' या शब्दाचा मंडळातला अर्थ एवढाच होता, आणि दादारावांना तो पुरता ठाऊक होता. तरी त्यांनी तो जिवापाड जपला. मंडळात त्यांच्या वाट्याला आलेली ती एकच खुर्ची होती.

नोकरी चिप बनवणाऱ्या कारखान्यात, तपासणीची. माल कोणत्या पाळीने केला, हे तिथे तपासणाऱ्याला सांगत नसत. तीच रीत त्यांनी मंडळात आणली. रांगोळीपुढे फक्त नंबर ठेवायचा, नाव निकालाच्या वेळी उघडायचं. रांगोळ्या पुऱ्या होईपर्यंत ते स्वतः बाहेर पार्किंगमध्ये उन्हात उभे राहत. लोक हसत, पण त्यांच्या निकालावर कोणी कधी नाक मुरडलं नव्हतं.

सत्त्याऐंशीच्या दिवाळीत त्यांची मुलगी संघमित्रा पहिल्यांदाच स्पर्धेत उतरली. दादारावांनी यंदा आपण नको म्हणून पाहिलं. दिगंबररावांनी ते उडवून लावलं. "अहो, नावं झाकलेलीच असतात की! तुमच्यावर नाही तर कोणावर विश्वास ठेवायचा?" दादाराव सुखावले, आणि तिथेच फसले.

शाळेच्या हॉलमध्ये जाड कागद अंथरून त्यांवर रांगोळ्या काढल्या होत्या. चार नंबरपाशी दादाराव थबकले. कमळ, आणि कमळाच्या पोटात चक्र. त्यांची बायको नंदा दर बुद्धपौर्णिमेला दाराशी हेच काढायची. ही आपल्या संघमित्राचीच, दुसऱ्या कोणाची असणार! रेघ कुठे तुटलेली नाही, रंग कुठे सांडलेला नाही. सगळ्यांत सरस तीच होती, यात शंकाच नव्हती. त्यांचा ऊर भरून आला. पण सख्ख्या मुलीला पहिला नंबर दिला तर लोक काय म्हणतील? चार नंबरला त्यांनी दुसरं बक्षीस लिहिलं. पहिलं दिलं सात नंबरला. ॲरिझोनातला उंच निवडुंग, त्याच्या पायाशी पणत्या. कल्पना गोड होती, पण रंग जरा विस्कटले होते.

दिगंबररावांनी चिठ्ठ्या उघडल्या. "पहिला नंबर, संघमित्रा मेश्राम, निवडुंग! दुसरा, दीपा कर्वे, कमळ आणि चक्र!"

दीपा ही संघमित्राची मैत्रीण. महिनाभर मेश्रामांच्या गॅरेजमध्ये बसून ती नंदाकडून चक्र शिकत होती. दादारावांच्या हे गावीही नव्हतं. आपली मुलगी काय काढते, हेही नव्हतं.

टाळ्या पडल्या, पण अर्धवट. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "नावं झाकून काय होतंय? बापाला पोरीचा हात कळतोच की."

दादाराव गप्प बसले असते तरी खुर्ची गेलीच होती, बोलले असते तरी जाणार होती. समोर दीपा मान खाली घालून आपल्या चक्राकडे बघत होती. ते उठले आणि त्यांनी माइक घेतला.

"पहिला नंबर दीपाचा आहे. ते चक्र मला संघमित्राचं वाटलं, म्हणून मी खाली ढकललं. आपल्या माणसाकडे झुकायचं नाही, एवढंच आजवर बघत आलो. उलट्या बाजूला झुकणं हाही पक्षपातच. बक्षिसं बदला."

बक्षिसं बदलली. टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे कोणाला कळेना.

घरी जाताना संघमित्रा दुसऱ्या बक्षिसाचा डबा मांडीवर घेऊन गाडीत बसली होती. डब्याचं झाकण तिने एकदा उघडून मिटलं. मग म्हणाली, "बाबा, चक्र इज द बेस्ट, राइट?"

"हो."

"मग ते माझं असतं, तर तू माइक घेतला असतास?"

दादारावांना खोटं बोलता येत नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. "तुला दुसरा नंबर दिला म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या, आणि मी त्या घेतल्या असत्या."