आपट्यांची अमेरिका

कुवेतमध्ये खिडक्या कितीही घट्ट लावा, धूळ आत येतेच. सकाळी पुसलेल्या टीपॉयवर दुपारी बोटानं नाव लिहिता येतं. आमच्या शुक्रवारच्या मंडळींच्या किश्शांचं अगदी तसंच आहे. सगळे सांगून संपले म्हणावं, तर नवा थर बसलेला!

शुक्रवार हा इथला सुट्टीचा दिवस. अबू हलीफातल्या आमच्या घरी त्या सकाळी पोहे, चहा आणि भांडण हे ठरलेलं. मी, माझा मुलगा शरद, समोरच्या इमारतीतले आपटे आणि त्यांची बायको विजू. शरद हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन, आपटे तेल कंपनीत इंजिनियर. भांडण बहुतेक वेळा अमेरिकेवरून, आणि नेहमी माझं आणि आपट्यांचं.

माझी शाळा चौथीत सुटली. इंग्रजी मी इथल्या पेपरवर शिकले, भाजी निवडता निवडता. त्यामुळे कुणी मला जगाचं राजकारण समजावायला आलं की मी आधी विचारते, "आजचा पेपर वाचलात का?" निम्मे तिथंच गार होतात.

*

एक्याण्णव साली इराकी फौजेनं जाताना पेटवलेल्या इथल्या तेलाच्या विहिरी जळत होत्या, तेव्हा आपटे त्या विहिरींवर कामाला होते. पांढरा शर्ट घालून निघायचं आणि साइटवर पोचेपर्यंत कुठला रंग घातला होता ते विसरायचं, असे दिवस. तिथं एका अमेरिकन शिपायानं त्यांना स्वतःच्या हातानं पीचचा डबा फोडून खायला दिला. झालं! त्या दिवसापासून अमेरिका म्हणजे देव. विझवायला कितीतरी देशांची माणसं आली होती, पण आपट्यांच्या लेखी सगळं श्रेय त्या एका डब्याचं.

त्या शिपायाबरोबरचा फोटो त्यांच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलाय. दोघं हसतायत, मागं काळंकुट्ट आभाळ, लांबवर गाड्यांचे दिवे.

मी पहिल्यांदा बघितला तेव्हा विचारलं, "काय हो, रात्रपाळी होती वाटतं?"

"छे हो माई! जेवणाच्या सुट्टीतला आहे. भर दुपारचा."

*

त्या दुपारींचा एक खोकला आपट्यांच्या छातीत राहिला. आधी थंडीत यायचा, मग बारमाही झाला. पुढं पुढं जिना चढून वर आले की बोलण्याआधी ते भिंतीला हात टेकून उभे राहायचे आणि आम्ही सगळे उगाच इकडंतिकडं बघायचो.

एका शुक्रवारी मी स्पष्टच म्हटलं, "आपटे, घरात एक्स-रेवाला बसलाय. उद्या जाऊन छातीचा फोटो काढून या."

"माई, फिल्म निघाली की फाइल निघते."

"म्हणजे?"

शरदनंच खुलासा केला. कंपनीनं अनफिट ठरवलं की नोकरी गेली. नोकरी गेली की इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, तोही गेला. मग बॅगा भरा आणि नाशिक गाठा.

"मग गाठा की! नाशिकला काय हवा नाही?"

"हवा आहे हो," आपटे म्हणाले, "पण ऋचाची फी नाही."

ऋचा ही त्यांची एकुलती एक लेक. तिला अमेरिकेत शिकायला पाठवायचं हे ती शाळेत असल्यापासून ठरलेलं. विजूला हे सगळं माहीत होतं. ती उठून पोह्यांवर खोबरं घालायला लागली. आधीच घातलेलं होतं.

आणि त्या दिवशी आपट्यांनी सर्वांना बजावलं: ऋचाला यातलं एक अक्षर कळता कामा नये; तिनं विचारलंच तर खोकला धुळीचा.

*

अमेरिकेतली ती निवडणूक आठवते? महिनाभर निकालच लागेना, ती? मी रोज पेपर मोठ्यानं वाचायचे आणि आपटे रोज अमेरिकेची बाजू घ्यायचे.

"माई, ही लोकशाहीची ताकद आहे. एकेक मत तपासतायत!"

शेवटी कोर्टानं मोजणीच थांबवली. मी पेपर त्यांच्या बशीशेजारी ठेवला. म्हटलं, "लोकशाहीला चहा देऊ का अजून?"

ते चिडले. मग मीही सुटले. म्हटलं, "एवढी फौज आणून हा देश सोडवला ना तुमच्या देवानं? मग इथल्या बाईला अजून साधं मत का नाही? तेल तेवढं सुटलं, बाई अडकलेलीच!"

आपटे ताडकन उठले. मला वाटलं, आता घरी निघाले. त्यांनी जाऊन खिडकी लावली.

असं आहे बघा. अमेरिकेविरुद्ध बोललं की हा माणूस भांडतो आणि कुवेतविरुद्ध बोललं की खिडकी लावतो! तरी बरं, पुढं काही वर्षांनी बायकांना मत मिळालं. पेढे मी वाटले. खिडकी उघडी ठेवून.

*

ऋचा गेली अमेरिकेला. विषय घेतला पर्यावरण. तेलाच्या पगारावर पर्यावरण! मी आपट्यांना म्हटलं, "म्हणजे खाटकानं पोरीला गोशाळेत घातलं म्हणायचं."

आपटे एवढे हसले, एवढे हसले की शेवटी ते हसणं राहिलं नाही. विजू पाणी घेऊन धावली.

*

दोन हजार तीनचा मार्च. इराकवर हल्ला होणार आणि तिकडून गॅस येणार, अशी हवा. घराघरांत एकेक खोली टेपनं बंद करायचं चाललं होतं. आमच्याकडं हे काम अर्थातच आपट्यांनी घेतलं. प्लॅस्टिक, चिकटपट्ट्या, दाराखाली ओले टॉवेल. मुंगी शिरणार नाही अशी खोली केली. सायरन झाला तशी सगळी आत बसलो. आपटे सांगत होते, "बघाच तुम्ही, आठवड्यात उरकतात की नाही!"

विजू वर बघत म्हणाली, "अहो, हा खिडकीतला एसी बाहेरची हवा आत घेतो ना?"

बत्तीस वर्षांचा अनुभव असलेला इंजिनियर एसीकडं बघायला लागला! मग म्हणाला, "बंद केला तर माईंचा जीव घाबरेल. असू दे, आला तर गॅस गार होऊन येईल."

आम्ही हसलो. मग कोंडलेल्या त्या खोलीत त्यांचा खोकला सुरू झाला. तो काही केल्या थांबेना. बाहेर ऑल क्लीअरचा भोंगा वाजून गेला, तरी कुणी दार उघडायला उठलं नाही. सगळे आपट्यांकडंच बघत होते.

त्याच आठवड्यात ऋचाचा फोन आला. ती तिकडं युद्धाविरुद्धच्या मोर्चात पाटी घेऊन उभी होती.

"फी आम्ही भरायची आणि पाट्या आमच्याच देवाविरुद्ध!" आपटे म्हणाले.

मी म्हटलं, "आपटे, नाक-डोळे तुमचे असले तरी पोरगी माझी आहे."

*

पण माझ्या या पोरीनं मलाही सोडलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात सुट्टीला आली आणि घरभर फिरून दिवे मालवत सुटली. कोपऱ्यावरच्या बकाल्यातून, म्हणजे वाण्याच्या दुकानातून, मी कोथिंबीर आणली, तर म्हणते, "माईआजी, अजून एक प्लॅस्टिक बॅग? व्हाय?"

मी तिला स्वयंपाकघरात नेलं. दोरीवर धुऊन वाळत घातलेल्या पिशव्या दाखवल्या. "ही पिशवी तू दहावीत होतीस तेव्हापासूनची आहे. तुझ्या अमेरिकेत पिशवी किती दिवस जगते?"

"दॅट्स सो अनफेअर, माईआजी!"

"अनफेअर? एकेका माणसाला एकेक गाडी, अर्धं खाऊन अर्धं फेकायचं, आणि वर जगाला शिकवणी! अगं, जाळायचं कसं हे ज्यांनी शिकवलं, तेच आता विझवायचे क्लास काढतात."

ती म्हणाली, "खरंय. पण मग कुणीच शिकवायचं नाही का?"

मी कोथिंबीर निवडायला घेतली.

पण खरी शिकार सापडली ती तिच्या आईच्या घरात. महिनाभर भारतात जाताना विजू एसी चालू ठेवून जायची. वीज घरमालकाची, त्यामुळे इथं बरेच जण तसं करतात. पण विजूचं कारण वेगळं होतं. "तुळस जळते गं नाही तर!"

ऋचा डोक्याला हात लावून बसली. एका तुळशीसाठी महिनाभर तीन खोल्या गार! जमिनीतून तेल काढायचं, ते जाळून वीज करायची, आणि त्या विजेवर पर्यावरणाची पूजा!

"मम्मा, डू यू ईव्हन नो त्या धुरानं लोकांच्या लंग्जचं काय होतं?"

आतल्या खोलीत आपट्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

*

ऋचाच्या शेवटच्या वर्षाची गोष्ट. प्रोजेक्टसाठी तिनं विषय निवडला: कुवेतच्या जळत्या विहिरी. ज्यांनी त्या डोळ्यांनी पाहिल्या त्यांच्या मुलाखती घ्यायच्या होत्या. शुक्रवारी ती आमच्या घरी फोन करणार होती, बाबांचं बोलणं रेकॉर्ड करायला.

आपटे इस्त्रीचा शर्ट घालून आले. फोनसाठी!

"माई, अमेरिकेतली युनिव्हर्सिटी माझं ऐकणार आहे," म्हणाले.

विजूनं घरघर नको म्हणून एसी बंद केला. शरदनं फोन स्पीकरवर टाकून मधोमध ठेवला. आपटे सांगायला लागले आणि काय सांगितलं हो त्या माणसानं! दुपारी लावलेले दिवे, तेलाचा पाऊस, काळ्या पडलेल्या मेंढ्या, विमानासारखा तो विहिरींचा आवाज. इतक्या वर्षांत आम्हालाही कधी सांगितलं नव्हतं. तिकडून नुसतं "वॉव, बाबा" येत होतं.

मग खोकला आला. आवरला, पुन्हा आला. पुन्हा.

"बाबा, एक मिनिट," ऋचा म्हणाली. "प्लीज, खोकू नका ना. रेकॉर्डिंग खराब होतंय."

मी उठले. आज सांगूनच टाकते म्हटलं. आपट्यांनी मला हातानं खाली बसवलं. दुसरा तळवा फोनवर दाबून धरला, रुमाल तोंडाला लावला आणि मनसोक्त खोकून घेतलं. रुमाल न बघता घडी करून खिशात ठेवला. शरदनं मान खाली घातली.

मग त्यांनी तळवा उचलला.

"हं बेटा, विचार."

"ओके, लास्ट क्वेश्चन. त्या धुराचा तिथं काम करणाऱ्या माणसांवर काही इफेक्ट झाला का?"

"माणसांवर?" आपटे म्हणाले. "नाही गं. अमेरिकेनं वेळेत विझवलं ना सगळं."