जाळ्याचा तास

मास्तरकीच्या सुरुवातीला मी नवापूरजवळच्या एका कोळीवाड्यात होतो. शाळेसमोर एक म्हातारा पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवून दिवसभर विणत बसायचा. दोरा दातांनी तोडायचा, वर क्वचितच बघायचा. नाव मी कधी विचारलं नाही.

निवडणुकीत एका पक्षाची जीप तिथे थांबली. पुढारी म्हणाले, "आम्ही शाळाच बदलणार! कोळ्यांच्या पोरांना शाळेतच जाळं विणायला शिकवणार!"

टाळ्या पडल्या. म्हाताऱ्याने मान वर केली.

"जालं मीच शिकवलं हाय नातीला," तो म्हणाला. "माज्याकडं नाय ते शिकवा ना तिला."

लोक हसले. पुढारीही हसले आणि जीप सातपाटीकडे गेली.

पक्ष निवडून आला आणि त्याने शब्द पाळला, हेच वाईट झालं. गणिताचा एक तास काढून तिथे जाळ्याचा तास आला. आम्हा मास्तरांना कुठे विणता येत होतं? हेडमास्तरांनी म्हाताऱ्यालाच बोलावलं.

तो धुतलेला सदरा घालून आला आणि माझ्या खुर्चीवर अवघडून बसला. मागे फळ्यावर माझं गणित अर्धंच राहिलं होतं. पहिल्या रांगेत त्याची नात होती. त्याने सांगायच्या आधीच तिचे हात चालू लागले.

तास संपेपर्यंत त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.