दीड हात

साळवे मास्तर पाणी प्यायला बसले की आधी अंतर सांगत. शाळेचा शिपाई तांब्या उंच धरून त्यांच्या ओंजळीत धार सोडी आणि मास्तर वर बघून म्हणत, "दीड हात!" एकोणीसशे चाळीसच्या सुमारास राहुरीजवळच्या आमच्या शाळेत ते एकटेच ख्रिस्ती. बापाने धर्म बदलला होता, पण गावाच्या लेखी जात काही सुटली नव्हती. शिकवायचो दोघेही, पण मी गुरुजी, ते मास्तर.

"सूर्याचा उजेड आठ मिन्टांत हितं पोचतो, गुरुजी," ते म्हणायचे. "ह्या माठातलं पाणी माझ्या हातात यायला किती पिढ्या लागत्याल?" मी हसून विषय बदलायचो. त्यात मी पटाईत.

कुणा साहेबाने टाकून दिलेल्या पुस्तकात त्यांनी वाचलं होतं की विश्व पसरत चाललं आहे. शाळा कमिटीचे अध्यक्ष, आमचे पाटील, वर्ग बघायला आले तेव्हा मास्तरांनी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापली, तिच्यावर खडूचे ठिपके काढले आणि बोलण्याच्या भरात एक टोक पाटलांच्या हातात दिलं.

"ह्यो एकेक ठिपका म्हंजी ताऱ्यांचं गाव. वढा, पाटील!" पट्टी ताणली, ठिपके लांब लांब गेले. "ठिपका जागचा हालला न्हाई, मधलं रबरच वाढलं. जो तो म्हनतो मी मधोमध, बाकीचे पळत्यात. खरं तर मधोमध कुनीच न्हाई."

पाटील खूश होऊन मान डोलावत होते. तेवढ्यात कमिटीतलं कुणी तरी कुजबुजलं, "पाटील, दुसरं टोक मास्तरच्या हातात हाय." पाटलांनी झटक्यात टोक सोडलं. पट्टी सणकन मास्तरांच्या डोळ्याखाली बसली.

रबरातून विटाळ जातो की नाही, यावर चावडीत आठवडाभर खल झाला. शहाणीसुरती माणसं! रेशमातून जात नाही, लोकरीतून जात नाही. रबराचं कुठल्याच पोथीत नव्हतं. शेवटी, मास्तर पोरांना धर्माविरुद्ध शिकवतात, असा अर्ज झाला. साक्षीदार म्हणून माझी सही हवी होती. मास्तरांची नोकरी त्या सहीवर होती, हे मला ठाऊक होतं. मी सही केली. माझी मला आजही किळस येते.

मास्तर गाव सोडून निघाले तेव्हा मी वेशीपर्यंत गेलो आणि भरलेला तांब्या त्यांच्या हातात देऊ लागलो. आयुष्यात पहिल्यांदाच. त्यांच्या डोळ्याखालचा वळ अजून दिसत होता. त्यांनी वळकटी खाली ठेवली, उकिडवे बसले आणि ओंजळ पुढे केली.

"वरून वता, गुरुजी."

"मास्तर, हातात घ्या हो."

"आता कशाला? तुमी तुमच्या जागी, मी माझ्या जागी. मधलंच वाढलंय."

मी तांब्या उंच धरला. या वेळी अंतर त्यांनी सांगितलं नाही. मी डोळ्यांनी मोजलं. दीड हाताहून जास्तच होतं.