शिवेच्या दगडावरची डहाळी

ज्या माणसाला सोबत घेऊन जंगलात जायला हवं होतं, त्याला मी पोलीस ठाण्याच्या बाकावर बसवून ठेवलं आणि जंगलात स्वतः गेलो. त्या जंगलातली एकही वाट मला माहीत नव्हती. ती घटना आजही आठवते म्हणण्यात काही अर्थ नाही. निवृत्तीला थोडेच महिने राहिले असताना हे घडलं, त्यामुळे विसरायला पुरेशी वर्षंच मिळालेली नाहीत.

भिवंडी म्हटलं की लोकांना लूमची खडखड आणि गोदामांपुढच्या ट्रकच्या रांगा आठवतात. पण शेलार गाव मागे टाकून नदीच्या काठाने वर गेलं की गोदामं संपतात आणि जंगल लागतं. साग, ऐन, करवंदीच्या जाळ्या. हा एकेकाळी सरहद्दीचा मुलूख. पलीकडे पोर्तुगीजांचं फिरंगाण, अलीकडे मराठ्यांच्या चौक्या. टेकडीवर एक पडका बुरूज आहे आणि त्याच्या खाली, वाटा फुटतात तिथे, शेंदूर फासलेला शिवेचा दगड. फिरंगी गेले, मराठे गेले, पण हद्द काही गेली नाही. ती आमच्या खात्याने जपून ठेवली. दगडाच्या अलीकडे माझं पोलीस ठाणं, पलीकडे शेजारचं.

नावं लिहीत नाही. हरवलेल्या गृहस्थांना काका म्हणू आणि त्यांच्या मित्राला चाचा. सगळं गाव तशीही त्यांना हीच हाक मारतं. काका आगरी, गोदामांचे मालक. चाचा कोकणी मुसलमान, कामतघरला त्यांचे लूम. दोघेही साठी ओलांडलेले. दर रविवारी पहाटे काठी घेऊन नदीकाठाने जंगलात जायचं, दुपारच्या जेवणाला घरी यायचं, हा त्यांचा कैक वर्षांचा नेम. त्या रविवारी चाचा एकटेच परतले. दुपार झाली तरी काका आले नाहीत, तेव्हा काकू आणि चाचा दोघं मिळून ठाण्यात आले. काकूंच्या हातात इन्सुलिनची पिशवी होती. काका मधुमेहाचे रुग्ण. दुपारचं जेवण चुकलं तर चक्कर येऊन पडतात, हे काकूंनी पहिल्याच वाक्यात सांगितलं.

ठाणे अंमलदार मिसिंगची नोंद घेत होता, तेवढ्यात फोन आला. नदीवर गळ टाकून बसलेल्या कुणीतरी सांगितलं, सकाळी दोन म्हातारे काठ्या उगारून भांडत होते. एक वर गेला. दुसरा त्याच्या मागं थोडा गेला नि मग एकटाच परत आला, घाईघाईनं.

मी चाचांकडे पाहिलं. त्यांच्या पायजम्याला चिखल होता आणि कपाळावर घाम. झालं. माझ्या डोक्यात दोषारोपपत्रही तयार झालं.

काकूंना बाहेर बसवलं आणि चाचांना माझ्या खोलीत घेतलं.

"भांडण झालं होतं?"

"झालं."

"कशावरून?"

चाचांनी दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं, बाहेर काकू दिसत होत्या. "ते आमचं आपसातलं हाय, साहेब. ते सोडा. मला घेऊन चला. तिकडच्या वाटा तुमाला नाय कळायच्या. वक्त जाया मत करो."

"कशावरून भांडलात ते सांगा, मग बघू."

"साहेब, तो शुगरवाला आदमी हाय! भांडण कशाला पायजे तुमाला?"

आता माझी अक्कल बघा. प्रशिक्षणात कुणीतरी सांगितलं होतं, गुन्हेगाराला घटनास्थळी परत जायची ओढ असते. हे वाक्य तीस वर्षं मी डोक्यात सांभाळलं होतं, वापरायची संधी आली नव्हती. ती आज आली. हा माणूस पुरावा नष्ट करायला निघाला आहे, असं मी मनाशी नक्की केलं, त्यांना बाकावर बसवलं, शिपायाला लक्ष ठेवायला सांगितलं आणि जीप काढली.

रस्ता संपला तिथून चालत आम्ही शिवेच्या दगडापाशी पोहोचलो, तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. माझा हवालदार कशेळीचा, खाडीकाठचा माणूस. दगड दिसताच त्यानं पायातले बूट काढले.

"साहेब, शिवेचा देव हाय. डहाळी वाहिल्याबिगर पुढं जायचं न्हाय."

"वाहू या. आधी फोटो घे."

शोधमोहिमेचे फोटो वरिष्ठांना पाठवावे लागतात, हे खरं. पण फोटोत मी मधोमध असावं, टोपी काखेत असावी आणि हात जोडलेले असावेत, असं कुठल्याच परिपत्रकात लिहिलेलं नाही. हवालदारानं दोनदा काढला, कारण पहिल्यात माझे डोळे मिटले होते. मग मी डहाळी वाहायला वाकलो. दगडावर मधोमध एक ताजी डहाळी आधीच होती. ती मी बाजूला सारली आणि माझी ठेवली. पाठोपाठ सगळ्या पोलिसांनी हाताला येईल तो पाला आणून वाहिला. कुणी ऐनाचा, कुणी कुड्याचा. शेंदूर दिसेना इतका.

दगडापासून तीन वाटा फुटतात. एक वर बुरुजाकडे, एक पलीकडच्या पाड्याकडे आणि एक खाली नदीच्या जुन्या उताराकडे, जिथून पूर्वी लोक नदी ओलांडत. शेवटच्या दोन्ही शेजारच्या ठाण्याच्या हद्दीत. मी तिथल्या अधिकाऱ्याला फोन लावला, एका दांडीच्या रेंजवर आवाज आला, "मिळाला तर कुणाच्या हद्दीत धरायचं, ते आधी ठरवू." मी म्हटलं, आपण आपली बुरुजाची वाट धरावी. बुरुजाजवळ एक चप्पल सापडली. मी ती मोठ्या उत्साहाने पिशवीत घातली. हवालदार म्हणाला, "साहेब, ही लहान पोराची हाय." बाकी काही नाही.

ठाण्यात परत आलो तेव्हा माझा पारा चढलेला होता. चाचा बाकावरून उठले.

"मिळाला?"

"तुम्हीच सांगा, कुठे आहेत ते! भांडण कशावरून झालं?"

चाचांनी पुन्हा दाराकडे पाहिलं. मी टेबलावर मूठ आपटली आणि त्याच वेळी काकू आत आल्या. शिपाई अडवत होता, त्याला त्यांनी पिशवीनंच बाजूला सारलं.

"त्यांच्यावर कशाला ओरडता? मी सांगते. डॉक्टरनं ह्यांना जंगलात जायला मना केलंय. तवापासून घरी सांगतात, चाचाच्या लूमवर बसतो. आनि चाचा गप राहतात, दोस्ताचा शब्द म्हनून."

चाचा थक्क झाले. "भाभी, तुमाला मालूम हाय?"

"दर रविवारी ह्यांच्या मोज्यातली कुसळं मी काढते. लूमवर कुसळं उगवतात काय, चाचा?"

मग चाचांचा बांध फुटला. सकाळी नदीवर काकांना घाम सुटला होता. चाचा म्हणाले, परत फिरू. काका म्हणाले, तू फीर. त्यावरून काठ्या उगारल्या गेल्या, त्या एकमेकांवर नव्हे, आकाशाकडे. चाचा थोडे त्यांच्या मागोमाग गेले, मग वाटलं, राग निवला की येईल. घाईनं परतले ते काकांच्या मुलाला पाठवावं म्हणून; पण घरी गेल्यावर शब्द आठवला आणि गप्प बसले. "माझी गलती, साहेब. पन ते जाऊ द्या. दगडावर डहाळी होती? बकुळीची? त्याच्या दारात बकुळ हाय, तिथूनच तोडून आनतो. देठ कुनीकडं होता?"

"देठ?"

"जायचं त्या बाजूला देठ ठेवायचा. मागून येनाऱ्याला कळावं. मी काय पूजा नाय करत. पन वाटेचा दस्तूर पाळतो."

ती डहाळी मी सरकवली होती, हे कबूल करणं भाग होतं. मी केलं. चाचा खाली बसले. बाहेर ऊन उतरत होतं, आणि तीन वाटांपैकी दोन बाकी होत्या.

"साहेब," हवालदार खिशातून मोबाइल काढत म्हणाला, "तुमचा फोटो."

आम्ही सगळे त्या फोटोवर वाकलो. मधोमध मी, टोपी काखेत, डोळे मिटलेले. हा तो वाया गेलेला पहिला फोटो. दुसऱ्यात माझ्या जोडलेल्या हातांनी दगड झाकला होता. पहिल्यात हात जरा खाली होते आणि दगडावर बकुळीची डहाळी स्वच्छ दिसत होती. देठ नदीच्या उताराकडे.

या वेळी चाचा जीपमध्ये माझ्या शेजारी बसले. शेजारच्या ठाण्याला मी फक्त कळवलं, विचारलं नाही. दगडापासून खाली चाचा अशा वेगानं उतरले की माझे तरुण शिपाई मागे पडले. उताराच्या वर एका कातळापाशी त्यांनी हाक मारली, "अरे ए शेठ!"

खालून आवाज आला, बारीक पण रागावलेला. "आता आलास? खजूर संपले!"

पाय घसरून काका कातळाखालच्या घळीत पडले होते. घोटा मोडला होता. चाचा दर रविवारी त्यांच्या खिशात खजूर भरून देत, ते एकेक खाऊन त्यांनी दिवस काढला होता. झोळी करून वर आणलं, तेव्हा सूर्य डोंगराआड जात होता. चाचांनी काकांना पाणी पाजलं आणि भर पोलिसांसमोर त्यांना एक शिवी दिली. ती मी पंचनाम्यात घेतली नाही.

नोकरीत मी गप्प बसणारे पुष्कळ लोक पाहिले आणि गप्प बसणं म्हणजे लपवणं, असा एक सोपा हिशेब धरून चाललो. लपवतात, हे खरंच. पण माणूस स्वतःला वाचवायला गप्प बसला आहे की दुसऱ्याला दिलेल्या शब्दापायी, हे ओळखायला वेळ लागतो, आणि तो वेळ मी हद्दीवर आणि फोटोवर घालवला. चाचा भांडणाबद्दल बोलत नव्हते, पण 'मला घेऊन चला' हे ते पहिल्या क्षणापासून बोलत होते. जे सांगत नव्हते त्याच्यामागे मी लागलो. जे सांगत होते ते ऐकलं नाही. एवढं समजायला निवृत्तीचं वय उजाडावं लागलं. आता ते समजून कुणाला उपयोग, हा प्रश्न वेगळा.

निवृत्तीनंतर मी त्या दोघांबरोबर रविवारी जाऊ लागलो. काकूंची आता परवानगी आहे. अट एवढीच, इन्सुलिनची पिशवी बरोबर घ्यायची. ती मी वाहतो. पहिल्या रविवारी दगडापाशी आलो. काकांनी बकुळीची डहाळी ठेवली, देठ बुरुजाकडे. चाचांनी आपली ठेवली. मी ऐनाची एक डहाळी मोडली आणि वाकणार, तोच चाचांनी माझा हात धरला.

"साहेब, तुमी हात लावू नका," ते म्हणाले. "तुमी डोळे मिटून उभे राहा, मी फोटो काढतो. तपासातलं तेवढंच काम तुमाला जमलं होतं."