डिचोलीत देवाला विचारायला गेलो

समुद्राचा कंटाळा आला म्हणून हरमलहून भाड्याची स्कूटर घेऊन सकाळीच निघालो. पेडणे मागे पडलं, डिचोली जवळ आली आणि रस्त्याकडेची पानंसुद्धा खाणींच्या धुळीने तांबडी दिसू लागली. एका खड्ड्यात आपटलो. गुडघा फुटला.

माझा जुना सोबती शाबा याच्या घरी वहिनींनी आधी हळद लावली, मग तोणाक (कडधान्याची घट्ट आमटी) आणि उंडे (कडक सालीचे पाव) वाढले. गावची खाण बंद पडल्यावर शाबा आमच्या वायूच्या विहिरींवर ट्रक चालवायला आला होता. पाण्याच्या जोराने खडकात भेगा पाडून वायू काढायचा, यातच माझं नोकरीचं सगळं आयुष्य गेलं. आता त्याच्या गावची खाण पुन्हा सुरू होणार होती. तिच्या जुन्या खड्ड्यातलं पाणी पंपांनी उपसणं चालू झालं होतं, आणि शाबाच्या खिशात खाणीला संमती द्यायचा कागद होता, फक्त सही बाकी होती.

"ट्रक दारांत कुसता (कुजतो), आनी ही म्हणता खाण नाका," शाबा कुरकुरला.

"ट्रकाक उदक लागना, पोफळींक लागता," वहिनी म्हणाल्या.

"तुमीच सांगात भाऊ, जमीन फोडल्यार उदकाक कितें जाता?" शाबाने मला विचारलं.

"नीट काम केलं तर काही होत नाही," मी म्हणालो. कित्येक गावांत हेच सांगत आलो होतो, जीभ सरावलेली.

वाद मिटेना, म्हणून दोघांनी प्रसाद लावायचं ठरवलं. देवाच्या मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. देवळात पोचल्यावर वहिनी कळशी घेऊन मागच्या झरीवर (झऱ्यावर) गेल्या आणि रिकामीच घेऊन आल्या. मी शहाण्यासारखी माझी पाण्याची बाटली पुढे केली.

"देवाक झरीचेंच उदक लागता," भटजी म्हणाले. "मे म्हयन्यांतूय ही केन्ना सुकूंक ना."

शाबा स्वतः गेला. मीही मागोमाग गेलो. गुडघे टेकून तो दोन्ही हातांनी पाला उपसत राहिला. खाली नुसता ओलसर चिखल होता. बऱ्याच वेळाने उठून त्याने कागद फाडला.

"कौल मेळ्ळो," तो म्हणाला आणि पाठ फिरवून डोळे पुसले. ट्रकावर त्याचा फार जीव. मला त्याच्याकडे बघवेना.

संध्याकाळी हरमलला परतलो. ज्या गावांत मी भाषणं ठोकली, तिथे काम संपल्यावर एकदाही गेलो नाही. तिथल्या पाण्याचं पुढे काय झालं, मला ठाऊक नाही. शाबाला मी एवढंच सांगायला हवं होतं.