काळी किटली

उस्मानभाईंना चकाकीचं वेड आहे, आणि त्याचा दोष मी त्यांच्या मुरादाबादला देते. इकडे आखातात, हमरिया भागात माझं शिवणकामाचं दुकान, शेजारी त्यांचं कल्हई-पॉलिशचं. मी रत्नागिरीची, तोंडानं फटकळ. ते उत्तरेकडचे, बोलायला गोड. त्यांच्या शहरात म्हणे गल्लीगल्लीत पितळेच्या भट्ट्या, दिवसभर ठोकाठोक, बायका घरबसल्या नक्षी कोरतात. त्या धुरानं त्यांच्या वडिलांची छाती गेली, यांनाही खोकला लागला. मग मशिनी आल्या, कारागीर देशोधडीला लागले. तरी शहराचं नाव घेतात ते ऐटीतच! "आपा, आमच्याकडून काळं भांडं बाहेर जात नाही." स्वतःचे हातसुद्धा लिंबानं घासून लख्ख करतात.

गेल्या महिन्यात जवळच्या अल अमेरात गावाहून उम्म सालेम ही अरब बाई आली. म्हातारी आई नुकतीच वारलेली. आईची कॉफीची पितळी किटली तिनं आतून कल्हईला दिली. बाहेरून चुलीवर बसून बसून काळी ठिक्कर. उस्मानभाईंना ते बघवेल कसं? हौसेनं घासून आरशासारखी केली. मीही म्हटलं, वा!

उम्म सालेमनं किटली पाहिली आणि माझ्या स्टुलावर बसून ढसाढसा रडली. मोडक्या हिंदीत म्हणाली, "माझ्या आईच्या चुलीचा धूर होता तो. तू पुसलास." किटली उचलून गेलीसुद्धा.

उस्मानभाईंचं जेवणावरून मन उडालं. माफी मिळेल का, एवढंच विचारायचे. शेवटी मी ओरडले, "अहो, मला काय विचारता? तिला विचारा!" शुक्रवारी त्यांना टॅक्सीत कोंबलं आणि सोबत गेले.

उम्म सालेम दार अडवून उभी राहिली. उस्मानभाई म्हणाले, "तो धूर मला परत आणता येत नाही. पण चूल पेटवा, मी फुंकायला बसतो."

तिनं अंगणात लाकडं पेटवली, किटली ठेवली. उस्मानभाई खोकत खोकत फुंकत राहिले. अल्ला रे, माझाच जीव कासावीस झाला! किटलीच्या बुडाला काळं धरू लागलं, तसा सवयीनं त्यांचा हात खांद्यावरच्या फडक्याकडे गेला. उम्म सालेमनं फडकं हिसकावलं. "खलास!" म्हणाली, अरबीत म्हणजे 'आता पुरे', आणि त्यांच्या हातावर खजूर ठेवला. उस्मानभाई लहान मुलासारखे रडले.

आता दर शुक्रवारी चूल फुंकायला जातात. परवा परत आले तर बोटं काळी. मी लिंबू पुढे केलं.

"राहू दे, आपा," म्हणाले.